नऊ नंबरवरचा गोंद

माझ्याकडे हॉकीच्या एकतीस जर्सी आहेत आणि त्यांतली एकही मी आजवर धुतलेली नाही. हे सांगितलं की पाहुणे नकळत खुर्ची जरा मागे घेतात. बायको तर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते, "आमच्याकडे धुतलेले कपडे दोरीवर असतात आणि पारोसे काचेच्या कपाटात." कतारमध्ये अल खोरला आमच्या कंपनीच्या घरात तीन बेडरूम आहेत, त्यांतली एक या जर्सींची. तिथला एसी बाराही महिने चालू, खिडकीला जाड पडदा, आणि हात धुऊन कोरडे केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. खोली खरं तर मुलीची. ती कॉलेजला गेल्यावर तीन दिवसांत मी ती बळकावली. "बाबा, यू डिडन्ट इव्हन वेट अ वीक," असं ती अजून फोनवर सुनावते.

आपल्याकडे एक व्यावसायिक हॉकी लीग निघाली होती. शहरांच्या नावाचे संघ, चार परदेशी खेळाडू, दिव्यांच्या झोतात सामने. काही हंगाम चालली आणि मग पुढचा हंगाम नाही एवढंच कळलं. संघ विरले, कार्यालय बंद झालं, काही वर्षांनी वेबसाइटही उघडेना. कोण कुठे खेळलं, किती सामने खेळलं, याचा पत्ता लागायला जागाच उरली नाही. उरल्या त्या खेळाडूंनी अंगात घातलेल्या जर्सी, आणि त्याही कुठे कुठे पांगलेल्या. मी पुण्यात कॉलेजच्या संघात फुलबॅक होतो, म्हणजे ज्याला पळता येत नाही त्याला जिथे उभं करतात तिथे. ही लीग मी दोह्यात बसून टीव्हीवर पाहिली आणि ती बंद पडल्यावर मला उगाचच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी जर्सी जमवू लागलो. मुंबईहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या बॅगेत एखादं पाकीट असायचंच.

पोटापाण्याला मी रास लफानच्या गॅस प्रकल्पात इन्स्पेक्शन इंजिनिअर आहे. वेल्डर म्हणतो, जोड पक्का आहे; मी म्हणतो, दाखव. बत्तीस वर्षं हेच केल्यामुळे माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची सवय सुटली आहे आणि नाकावर राग कायमचा राहायला आला आहे. जर्सींनाही मी तेच शास्त्र लावलं. मैदानात घातलेल्या जर्सीच्या गळ्याशी घामाच्या मिठाची रेघ असते, कमरेपाशी टर्फवर घासल्याचा ओरखडा असतो, नंबराच्या छापाला बारीक भेगा असतात. मग जुने फोटो शोधायचे आणि तोच ओरखडा त्याच जागी दिसतो का ते भिंगातून ताडायचं. जुळलं की कार्ड करायचं. प्रत्येक जर्सीखाली माझ्या सहीचं कार्ड आहे: 'खेळात घातलेली', किंवा 'दिलेली, पण न घातलेली'. तिसरा प्रकार दुकानी, तो मी घरात घेत नाही.

सगळ्यांत लाडकी नऊ नंबरची. त्या लीगमधल्या एका नामवंत फॉरवर्डची. पाठीवर त्याचं नाव, नवाचं शेपूट जरासं वाकडं चिकटलेलं, डाव्या कमरेवर हिरवट ओरखडा. एका फोटोत तोच वाकडा नऊ आणि तोच ओरखडा मला सापडला होता. ती जर्सी इतर काहींबरोबर मी दोह्यातल्या एका भारतीय शाळेच्या क्रीडादिनाला मांडली, तेव्हा पोरं रांग लावून बघत होती. शाळेच्या क्रीडाविभाग प्रमुख बाई केरळच्या. माझी कार्डं वाचून त्या म्हणाल्या होत्या, "सर, आपके कार्ड में एक भी शब्द एक्स्ट्रा नहीं है." मी आठवडाभर फुगून फिरत होतो.

गेल्या हिवाळ्यात त्याच बाईंचा फोन आला. शाळेला हॉकीचा प्रशिक्षक हवा होता. एक उमेदवार त्यांना आवडला होता, पोरांना शिकवायची हातोटी होती, पण त्या लीगमध्ये खेळल्याचा त्याच्याकडे कसलाही पुरावा नव्हता. तो म्हणत होता, अल खोरच्या एका साहेबांकडे माझी बावीस नंबरची जर्सी आहे, मी क्रीडादिनाच्या फोटोत पाहिली. बाई म्हणाल्या, "आप देखके एक लेटर दीजिए. आप जो लिखेंगे, कमिटी मान लेगी." सोमवारी कमिटी बसणार होती.

फोन ठेवून मी खोलीत गेलो आणि बावीस नंबरचं कार्ड काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दिलेली, पण न घातलेली.'

शुक्रवारी सकाळी तो माणूस स्वतःच आला. रत्नागिरीकडचा, चाळिशीच्या आतला, दाढी नीट कातरलेली, इस्त्रीचा शर्ट. एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत एका खोलीत चौघांबरोबर राहायचा. मित्राच्या पिकअपमधून तासभराचा रस्ता करून आला होता. येताना आमच्यासाठी खजुराचा डबा आणला होता. मी दारातच म्हणालो, "याची काही गरज नव्हती," आणि ते जरा तुसडेपणानंच म्हणालो, कारण कार्ड मला आधीच ठाऊक होतं.

बायकोनं त्याला बसवलं, पाणी दिलं, गाव विचारलं. पाच मिनिटांत तिनं त्याच्याकडून जे काढून घेतलं ते मला तासाभरात जमलं नसतं. त्याच्या कंपनीचं काम महिनाअखेरीला संपणार होतं. दुसरी नोकरी मिळाली नाही तर परत जायचं. गोदामातल्या माणसाला इथे कुटुंब आणता येत नाही, शाळेच्या स्टाफला येतं. गावी बायको आणि आठ वर्षांची मुलगी. मुलगी पाच महिन्यांची असताना तो कतारला आला आणि तेव्हापासून दर दोन वर्षांनी महिनाभर तिला भेटत होता.

"गेल्या खेपेला विमानतळावर मला सलाम केलान आणि आईच्या मागं लपली, वैनी," तो म्हणाला. "पाहुणा आल्यावर लपतात तशी."

हे ऐकून माझं कार्ड बदलणार नव्हतं. मी बावीस नंबर आणून टेबलावर पांढऱ्या कपड्यावर ठेवली. त्यानं हात पुढे केला, मग आपणच मागे घेतला आणि विचारलं, "हात लावू?" मी हो म्हणालो. त्यानं पाठीवरचं स्वतःचं आडनाव नुसतं बोटानं चाचपलं.

"किती सामने खेळलात?"

"सहा."

"या जर्सीत?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंग काढून टेबलावर ठेवलं होतं. माझा आवाज साइटवर असतो तसा झाला होता, आणि ते बायकोनं ओळखलं, कारण ती चहा टाकायला उठली होती ती थांबली. मी त्याला गळा दाखवला, कंबर दाखवली, नंबराचा छाप दाखवला. "ही एकदाही मैदानात गेलेली नाही. घडीची घडी आहे. तुम्ही संघात होतात, मान्य. पण राखीव होतात. बाकावर बसून कुणी खेळाडू होत नाही."

तो रागावेल असं वाटलं होतं. तो उलट सुटल्यासारखा हसला. "बरोबर बोललात, सर. ही मी घातलीच नाय. ही छापून आली तेव्हा आमची टीम भाईर पडली होती. मी खेळलो नऊ नंबरच्या जर्सीत."

मी भिंग टेबलावरून उचललं.

"त्या मोठ्या प्लेयरच्या मांडीचा स्नायू फाटला चौथ्या मॅचला. मला दोन दिवसांत बोलावलं. माझी जर्सी छापायला वेळ कुठं होता? मॅनेजरनं त्याचीच दिली. नावावर पांढरी चिकटपट्टी मारली आणि त्यावर मार्करनं माझं नाव लिहिलं. सहाच्या सहा मॅच तीच अंगात. तुमच्याकडं ती पण हाय ना? फोटोत पाहिली मी."

मला जे वाटलं ते सरळ सांगतो. संताप आला. माझी नऊ नंबर कुणीतरी माझ्याच दिवाणखान्यात बसून माझ्याकडून काढून घेत होता. मी तरातरा खोलीत गेलो, जर्सी आणि फोटो दोन्ही आणले आणि त्याच्यापुढे ठेवले. "हा फोटो. नऊचं शेपूट बघा, ओरखडा बघा. जुळतात. ही त्याची आहे."

फोटोतला खेळाडू चेंडूवर वाकलेला होता. चेहरा दंडाआड, नावावर काळी सावली. त्यानं फोटो उजेडात धरला. "सर, हा मीच. मनगटाला काळं दिसतंय ना? तो आईनं बांधलेला ताईत."

माझ्या टिपणात त्या काळ्या डागापुढे 'घाम पुसायची पट्टी' असं लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "काळी पट्टी कुणीही बांधतो." त्याच्या मनगटाकडे माझी नजर गेली, तिथे काही नव्हतं. तो म्हणाला, गोदामात सेफ्टीवाले हाताला काही बांधू देत नाहीत. साइटवर मीही बांधू देत नाही.

मग तो म्हणाला, "पाठीवर बघा ना. चिकटपट्टीचा गोंद असेल. ती पट्टी निघता निघत नव्हती."



दोन वर्षांपूर्वी ती जर्सी आली तेव्हा पाठीवर, नावावरून आडवा, काळपट चिकट पट्टा होता. विकणाऱ्यानं लेबल लावलं असेल असं मी धरून चाललो. धुवायची तर नव्हती. मग आपल्या घरात नव्या स्टीलच्या डब्यावरचं स्टिकर काढतात तसं केलं: खोबरेल तेलाचा बोळा लावून तासभर ठेवला, नखानं हळूहळू खरवडलं, आणि तेलाचा डाग टिपायला वर टाल्कम पावडर पसरली. तीन दुपारी लागल्या होत्या. बायको दारात उभी राहून म्हणाली होती, "तेल लावलंस, पावडर लावलीस, आता तेवढं गालबोट लाव." नाव स्वच्छ निघालं तेव्हा मी तिला बोलावून दाखवलं होतं.

आता ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती.

त्यानं जर्सी पालथी केली. नावावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. गोंद नव्हता. मी म्हणालो, "बघा. गोंद नाही." शब्दाला शब्द ते खरं होतं.

त्यानं जर्सी नाकाशी नेली. "खोबरेलाचा वास येतोय, सर. खवट."

कोकणातल्या माणसापासून खोबरेल कसं लपणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. "विकणाऱ्याकडून आली तेव्हापासून तसाच वास आहे," मी म्हणालो. हे मात्र शब्दाला शब्द खोटं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी कपबशी वाजली. बायको काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. ती बोलली नाही. परक्या माणसासमोर तिनं माझी लाज राखली, आणि तेव्हा मला ते बरंही वाटलं.

त्यानं जर्सीची नीट घडी करून ती कपड्यावर ठेवली. मग त्यानंच माझ्यासाठी वाट काढून दिली. "मग दुसरी असेल," तो म्हणाला. "मोठ्या प्लेयरला दोन दोन देत होते. माझीवाली दुसरी असेल." स्वतःच्याच आठवणीवरचा त्याचा विश्वास डळमळताना मी समोर बसून पाहिला. एका शब्दानं मी तो सावरू शकलो असतो. मी म्हणालो, "शक्य आहे."

चहा पिऊन तो उठला. दारात त्यानं विचारलं, "पत्रात काय लिवाल?"

"जे दिसतं ते."

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि पिकअपकडे गेला.

बायकोनं दार लावलं आणि तिथेच वळली. "तेल कुणी लावलं होतं?"

"त्या पट्ट्यावर याचंच नाव होतं कशावरून? मला काय स्वप्न पडलं होतं?"

"मी ते विचारतच नाहीये. त्यानं विचारलं तेव्हा तू सांगितलं का नाहीस, ते विचारतेय."

मी तिला पुराव्याचं शास्त्र सांगू लागलो. गोंद होता एवढंच ठाऊक आहे, वर काय लिहिलं होतं ते ठाऊक नाही, मी अंदाजावर सही करत नाही. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "विकणाऱ्याकडून वास आला हाही अंदाजच का?" आणि खजुराचा डबा उचलून आत गेली. त्या दिवशी आम्ही जेवताना टीव्ही लावला आणि तो बघण्यासारखं काही नसताना बघितला.

रविवारी कामाचा आठवडा सुरू झाला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून मी पत्र पाठवलं. चार ओळींचं, इंग्रजीत, एकही शब्द जास्त नसलेलं. बावीस नंबरची जर्सी तपासली. मैदानात घातल्याची खूण नाही. उमेदवार सामन्यात खेळल्याचा कोणताही पुरावा माझ्या संग्रहात नाही. खाली सही. दहा मिनिटांत बाईंचं उत्तर आलं: थँक यू सर, व्हेरी क्लिअर.

दोन दिवस मी स्वतःला शाबासकी देत होतो आणि ती पटत नव्हती. साइटवर मी त्या दिवसांत ज्याच्या त्याच्यावर खेकसत होतो. मंगळवारी एका कंत्राटदाराच्या फोरमननं पाइपवरचा एक संशयास्पद चरा आम्ही बघायच्या आधीच ग्राइंडरनं घासून गुळगुळीत केला. मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. आधी फोटो, मग हात, हा इथला पहिला नियम आहे. जे सापडलं ते सापडलं तसं टिपायचं, मग त्याला शिवायचं. तो बिचारा म्हणाला, "साब, मुझे लगा गंदा है, साफ कर दिया." माझं बोलणं तोंडातच राहिलं. माझा मदतनीस इंजिनिअर मला विचारत होता, सर, लिहायचं काय, आणि मी त्याला तुझ्या मनानं लिही म्हणून केबिनमध्ये जाऊन बसलो. पाणी प्यायलो.

कारण नियम मी घरीही पाळत होतो. बोळा लावण्याआधी मी त्या पाठीचा फोटो काढला होता. तो फोटो आहे हे मला शुक्रवारीही आठवलं होतं, आणि ते आठवलेलं मी चार दिवस बाजूला सारत होतो. हे लिहायला जड जातंय, पण तसंच होतं.

घरी पोचल्यावर बूटही न काढता मी हार्ड डिस्क लावली. फोटो होता. नावावरून आडवा काळपट पट्टा, कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचे धागे. मोठा करून पाहिला. पट्टीवरची शाई गोंदात उतरली होती. पहिलं अक्षर कळत नव्हतं. पुढची तीन इंग्रजी अक्षरं इतकी स्वच्छ होती की भिंगाची गरज नव्हती. बावीस नंबरवर छापलेल्या आडनावातलीच ती तीन अक्षरं, त्याच क्रमानं. दोन वर्षांपूर्वी मी हा फोटो नीट पाहिला असता तर गोंदाला हात लावला नसता. मला तेव्हा मळ दिसला होता.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "फोन कर." बाईंचा फोन लागेना. मी मेसेज केला, फोटो पाठवला, परत फोन केला. बुधवारी सकाळी सव्वासातला त्यांनी उचलला.

मी हिंदीत सांगायला सुरुवात केली आणि घसरलो, मग इंग्रजीत सांगितलं. माझं पत्र चुकीचं आहे. तो सहा सामने खेळला आहे. पुरावा मीच पुसला होता, आणि हे पत्र लिहिताना मला त्याचा संशय होता. शेवटचं वाक्य सांगायची गरज नव्हती असं बायको नंतर म्हणाली, पण तिला ते आवडलं असावं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, मंडे को ही कमिटी हो गयी. दूसरे कैंडिडेट का पेपरवर्क चला गया. आपका लेटर इतना क्लियर था."

मी म्हणालो, थांबवता येणार नाही का. मी भेटायला येतो, कमिटीसमोर उभा राहतो, लेखी देतो. त्या म्हणाल्या, दुसऱ्या माणसाला शब्द दिलाय, त्याचंही घर आहे. पुढच्या वर्षी जागा निघाली तर नक्की कळवीन. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. पूर्वी त्या माझ्याशी ज्या आदरानं बोलायच्या तो मात्र आवाजात नव्हता.

मला वाटलं होतं, फोनवर त्याला सांगून टाकावं. बायको म्हणाली, "तो तासभराचा रस्ता करून आला होता." म्हणून शुक्रवारी नमाज आटोपायच्या सुमारास मी बरवा अल बराहाला पोचलो. एकसारख्या इमारतींच्या रांगा, आणि सुटीचा दिवस म्हणून सगळीकडे माणसंच माणसं. केस कापून घेणारी, फोनवर घरी बोलणारी, दोऱ्यांवर कामाचे कव्हरऑल वाळत घालणारी. तो एका चहाच्या दुकानाबाहेर भेटला. शाळेचा नकार त्याला सोमवारीच कळला होता. त्यानं माझ्यासाठी इथला दाट दुधाचा करक चहा सांगितला. मी नको म्हणायच्या आत तो आलाही.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तेल, गोंद, फोटो, पत्र, बाईंचं उत्तर. फोनवर त्याला फोटो दाखवला. त्यानं दोन बोटांनी तो मोठा केला आणि त्या तीन अक्षरांवर थांबला.

मग मान वर करून विचारलं, "मी गोंद शोधत होतो तेव्हा तुम्हाला म्हाईत होतं?"

वाटेत गाडीत मी या प्रश्नाची तीन उत्तरं तयार केली होती. ती सगळी खरी वाटण्यासारखी होती. मी म्हणालो, "हो."

त्यानं मान हलवली. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. त्यानं फोन माझ्या हातात परत दिला. "मला वाटलं, मीच इसरलो," तो म्हणाला. "आठ दिवस मी डोकं खातोय, जर्सी दुसरी होती का म्हणून. माझंच मला खोटं वाटाया लागलं."

मी पिशवीतून नऊ नंबर काढली. ही तुमची, मी म्हणालो, घरी घेऊन जा. खरंच द्यायलाच आणली होती. त्यानं ती घेतली, पालथी केली, नाव वाचलं आणि परत माझ्या हातात दिली.

"हिच्यावर नाव त्याचं हाय, सर. घरी काय सांगू?"

जर्सी मी परत पिशवीत ठेवली. मी माफी मागितली. तो म्हणाला, माफीचं नंतर बघू. त्याचं विमान पुढच्या गुरुवारचं होतं. चहा संपवून त्यानं कप बाजूला ठेवला आणि म्हणाला, "एक काम करा. तुम्ही पत्र लिवता ना? एक लिवा."

"कुणाला लिहू? शाळेला परत लिहितो. आणखी कुठे नोकरी असेल तर तिथे..."

"नोकरीसाठी नाय. पोरीला लिवा. तिला मी सांगितलेलं हाय, बाबा मोठ्या मैदानात खेळलेला हाय. ती शाळेत सांगते आणि पोरं हसतात, तुझा बाबा गोदामात असतो म्हणून. तुमच्या त्या कार्डावर सही असते ना, तशी सही करून लिवा. आणि मराठीत लिवा. ती मराठी शाळेत हाय."

बत्तीस वर्षांत मी हजारो अहवाल लिहिले असतील, सगळे इंग्रजीत. आठ वर्षांच्या मुलीला मराठीत पत्र लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. बायकोनं दोनदा परत करायला लावलं. पहिल्या खेपेला शास्त्र फार होतं, दुसऱ्या खेपेला माझी हळहळ फार होती. शेवटी एक पान झालं. सोबत त्या गोंदाच्या पट्ट्याचा फोटो मोठा छापून घेतला. बुधवारी संध्याकाळी बरवाला जाऊन पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते तिथेच उघडून उभ्याउभ्या वाचलं. शेवटच्या दोन ओळींपाशी तो थांबला, तेव्हा मी म्हणालो, नको असतील तर काढतो, लहान आहे ती. त्यानं पत्राची घडी घातली आणि म्हणाला, "असूं दे. तिला कळू दे."

त्या ओळी अशा होत्या: तुझे बाबा नऊ नंबरच्या जर्सीत सहा सामने खेळले. हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि त्यांनी मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो.